सीरियावरचे निर्बंध उठले, पण बँकेच्या टेबलावरून उठले का?

बरीच वर्षं बँकेत फॉरेक्सला, म्हणजे परदेशी व्यवहारांच्या विभागात होते, त्यामुळे सीरियाची बातमी आली की मला एका औषधांच्या ऑर्डरची फाइल आठवते. औषधांना अमेरिका-युरोपच्या निर्बंधांतून सूट होती, कागदपत्रं चोख, पण 'सीरिया' शब्द दिसला की मधली प्रत्येक बँक हात वर करायची. कायद्याने मनाई नव्हती, भीती होती, उद्या काही निघालं तर डॉलरचे व्यवहारच बंद पडायचे. शेवटी पैसे परत गेले नि औषधं इथेच राहिली. ते अजून मनाला लागतं.

८ डिसेंबर २०२४ ला सीरियाचा हुकूमशहा असद रशियाला पळाला. ज्याला धडा शिकवायला हे सगळं लावलं तो सुटला, आणि निर्बंध राहिले दिवसाला दोन-चार तास वीज मिळणाऱ्या लोकांच्या डोक्यावर. घरमालक पळाला म्हणून भाडेकरूंकडून त्याची थकबाकी वसूल करायची, असं झालं हे! देश एकट्या निर्बंधांनी बुडाला असं मी म्हणत नाही, युद्ध होतं, असदची लूट होती, पण बुडालेल्याला वर यायलाही बंदी का?

मे २०२५ मध्ये ट्रम्पनी रियाधला निर्बंध उठवायची घोषणा केली, त्याच महिन्यात युरोपने आर्थिक निर्बंध काढले, ३० जूनला अमेरिकेचा आदेश निघाला. सगळ्यात जाचक, सीरियाशी व्यवहार करणाऱ्या परक्यांनाही धरणारा अमेरिकेचा सीझर कायदा मात्र १८०-१८० दिवसांच्या सवलतीवरच लटकलेला, तो रद्द व्हायला डिसेंबर उजाडला. आता सांगा, वीज प्रकल्पाला पंधरा वर्षांचं कर्ज देणारा सहा महिन्यांच्या सवलतीवर पैसे घालेल? मी तरी सही केली नसती.

मार्च २०२५ मध्ये किनारपट्टीवर असदच्याच पंथाच्या अलावींची कत्तल झाली, जुलैत दक्षिणेतल्या स्वेदामध्ये अल्पसंख्य ड्रूझ पंथाचे लोक मारले गेले, त्यामुळे नव्या सरकारवर दबाव ठेवायलाच हवा, हे मला शंभर टक्के पटतं. पण मग युरोपने किनाऱ्यावरच्या हिंसेसाठी केलं तसं करा ना, मारणाऱ्यांची नावं घ्या, त्यांची खाती गोठवा. अख्ख्या देशाच्या बँका आणि विजेचे खांब कशाला?

आणि आज माझ्या जागी जो कुणी बसला असेल त्याला कळकळीने सांगते, स्क्रीनवर लाल खूण आली तरी फाइल लगेच परत पाठवू नकोस रे, आधी नवा आदेश उघडून नीट वाच, आणि औषधांची असेल तर घरी जायच्या आधी तेवढी मार्गी लाव.