ऑफिसात झाडं ठेवायचीत ना? मग आधी उजेड बघा, झाड नंतर

ऑफिसात झाडं आणायचं ठरलं की पहिली गोष्ट काय होते, तर कोणीतरी ग्रुपवर फोटो टाकतं, बघा किती मस्त दिसतंय, हेच आणूया. मग ते येतं, आठवडाभर सगळे कौतुक करतात, आणि पुढे पानं पिवळी पडायला लागली की एकच वाक्य, "आपल्या ऑफिसात झाडं टिकतच नाहीत". हे ऐकलं की मला मनापासून वाईट वाटतं, कारण झाडं टिकतात हो, अगदी छान टिकतात, फक्त निवड उलट्या बाजूनं झालेली असते. आधी जागा बघायची, त्या जागेला किती उजेड मिळतो ते बघायचं, आणि मग तेवढ्या उजेडात जगणारं झाड आणायचं.

उजेडाच्या बाबतीत आपले डोळे आपल्याला जाम फसवतात. लाइट लावले की ऑफिस लख्ख वाटतं, पण टेबलावर असतो साधारण 300 ते 500 लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड, आणि बाहेर भर उन्हात तोच 1 लाख लक्सच्या आसपास जातो! डोळा दोन्हीकडे जुळवून घेतो म्हणून आपल्याला एवढा फरक कळत नाही, झाडाला मात्र लगेच कळतो, कारण त्याचं जेवणच उजेडावर चालतं. त्यात सुट्टीच्या दिवशी लाइट बंद, पडदे ओढलेले, म्हणजे तेवढे दिवस उपास. एक सोपी टेस्ट सांगते, दुपारी लाइट बंद करा, जिथे कुंडी ठेवायचीय तिथे पांढरा कागद ठेवा आणि त्यावर फूटभर उंचीवर हात धरा. सावलीच्या कडा स्पष्ट दिसल्या तर उजेड चांगला आहे, सावली धूसर पडली तर काटक झाडं चालतील, आणि सावलीच पडत नसेल तर तिथे झाड कायमचं ठेवू नका, प्लीज.

आता काटक म्हणजे कोणती, तर माझी पहिली पसंती नेहमी झेडझेड प्लांट. हे मूळचं पूर्व आफ्रिकेतलं, जिथे पाऊस महिनोन् महिने दडी मारतो, त्यामुळे मातीखाली बटाट्यासारखे जाड कंद करून त्यात पाणी साठवून ठेवतं. सगळं ऑफिस दोन-तीन आठवडे सुट्टीवर गेलं तरी याला काही होत नाही, आणि पानं नुसती पुसली तरी चकाकतात. त्याच्या बरोबरीनं स्नेक प्लांट, तेही आफ्रिकेतलंच, जाड पानांत पाणी धरून ठेवणारं. त्याचं शास्त्रीय नाव आधी सॅन्सेव्हिएरिया होतं, 2017 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला ड्रॅसिना गटात घातलं, त्यामुळे लेबलवर वेगळं नाव दिसलं तर गोंधळू नका, झाड तेच आहे. आणि आपला मनी प्लांट तर आहेच, फक्त त्याची पांढरी-पिवळी नक्षी हवी असेल तर खिडकीजवळ ठेवा, अंधाऱ्या कोपऱ्यात नवी पानं हळूहळू साधी हिरवी यायला लागतात. अ‍ॅग्लोनिमा, स्पायडर प्लांट हेही चांगले.

पण एक लक्षात ठेवा, "कमी उजेडात चालतं" म्हणजे तिथे टिकून राहतं, भराभर वाढतं असं नाही. चार महिने नवीन पान आलं नाही म्हणून खत ओतत बसू नका.

आणि टेबलावरचे ते छोटे गोंडस सक्युलंट, म्हणजे जाड, रसाळ पानांची झाडं, ज्यांना सगळे "लो मेंटेनन्स" म्हणून आणतात, ते खरं म्हणजे ऊन मागणारे असतात. खिडकीपासून लांब ठेवले की लांबट, फिकट होतात आणि हळूहळू मरतात. पाणी कमी लागणं आणि उजेड कमी लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ऑफिसात बसतो तो फटका बहुतेक इथेच बसतो.

आता पाणी. ऑफिसातली झाडं तहानेनं क्वचित मरतात, ती मरतात प्रेमानं. घरी जाताना बाटलीत उरलेलं पाणी प्रत्येकजण जाता जाता कुंडीत ओततो, कोणी उरलेला चहासुद्धा ओततो, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नसतो. माती सतत ओली राहिली की तिच्यातली हवा संपते, मुळांना श्वास घेता येत नाही, ती कुजतात, आणि कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही म्हणून वरची पानं मलूल होतात, मग आपल्याला वाटतं तहान लागलीय, आणि आपण अजून पाणी घालतो! ओल्या मातीत ती बारीक चिलटंही होतात, मग ऑफिसात झाडांच्याच विरोधात सूर लागतो. म्हणून माझं अगदी ठाम मत आहे की पाण्याची जबाबदारी एकाच माणसाकडे हवी, तो रजेवर असेल तर दुसरा एक, बाकी कोणी हात लावायचा नाही. बोट मातीत खुपसून बघायचं, वरचा इंच-दोन इंच थर कोरडा असेल तरच पाणी, आणि झेडझेड, स्नेक प्लांट असेल तर पूर्ण माती कोरडी होऊ द्यायची. कुंडीला खाली भोक हवंच, आणि बाहेरच्या शोभेच्या कुंडीत साचलेलं पाणी ओतून टाकायचं.

एसीचा झोत थेट अंगावर येईल अशी जागा टाळा, टोकं करपतात. पानांवरची धूळ ओल्या फडक्यानं पुसा, आहे तो थोडासा उजेड तरी पानापर्यंत पोचू दे. ऑफिसात लहान मुलं किंवा पाळीव प्राणी येत असतील तर मनी प्लांट, झेडझेड, अ‍ॅग्लोनिमा उंचावर ठेवा, त्यांचं पान चावलं तर तोंडाची खूप आग होते. स्पायडर प्लांटला ती भीती नाही.

आता हवा शुद्ध होण्याबद्दल, कारण हे झाडं विकताना हमखास सांगितलं जातं. झाडं हवेतले घातक वायू कमी करतात असं सांगणारा 1989 चा नासाचा अभ्यास खरा आहे, पण तो बंद पेटीत केलेला होता. ऑफिसात दारं उघडतात, हवा खेळती असते. 2019 मध्ये जुन्या प्रयोगांचे आकडे एकत्र करून तपासले तेव्हा दिसलं की नुसत्या हवा खेळती राहण्यानं जेवढा फरक पडतो तेवढा झाडांनी पाडायचा तर दर चौरस मीटरला किमान 10 झाडं लागतील, आणि कदाचित त्याहून कितीतरी जास्त. तेव्हा कोंदट वाटत असेल तर खिडकी उघडा, व्हेंटिलेशन दुरुस्त करून घ्या. झाड आणा ते हिरवं बघून बरं वाटतं म्हणून, स्क्रीनवरून नजर उचलली की समोर काहीतरी जिवंत दिसतं म्हणून, आणि माझ्या मते एवढं कारण पुरेसं आहे, त्याला ऑक्सिजनचा आधार लागत नाही.

खिडकीच नसलेल्या केबिनसाठी मात्र एकच झाड आणू नका, एकाच जातीची दोन आणा, एक आत आणि एक खिडकीपाशी, आणि दर दोन आठवड्यांनी अदलाबदल करा. ते जमणार नसेल तर ग्रो लाइट, म्हणजे झाडांसाठीचा खास दिवा, लावा आणि टायमरवर रोज दहा-बारा तास चालू ठेवा, सुट्टीच्या दिवशीसुद्धा.