झाकण घेऊन कुठं?

"कधी आलास रे?"

"दोन वर्षं झाली, आजोबा."

"अरे वा. मग आता परत कधी?"

"नाही जाणार. कायमचा आलोय."

इथपर्यंत सगळं ठीक असतं. 'कायमचा' म्हटलं की मात्र समोरच्याचा चेहरा बदलतो. आवाज खाली येतो, हात आपल्या खांद्यावर येतो आणि रिपोर्ट वाईट आल्यासारखा प्रश्न येतो, "घरी सगळं बरं आहे ना?" सांगलीचा मुलगा परदेशातून तीन आठवड्यांसाठी आला, गल्लीत चॉकलेटं वाटून परत गेला, तर तो कर्तबगार. तोच कायमचा आला तर काहीतरी घोळ आहे. आमच्या गावभागात माझ्या घोळाबद्दल तीन मतं आहेत. नोकरी गेली, हे बहुमत. व्हिसा संपला, हे जरा शिकलेल्यांचं मत. आणि बायको सोडून गेली, हे तिसरं. बायको माझ्याबरोबरच परत आलेली आहे आणि रोज संध्याकाळी माझ्यासोबत गणपतीच्या देवळापर्यंत चालत येते, पण त्यामुळे तिसऱ्या मताला काही बाधा आलेली नाही.

गेल्या शनिवारी तर मी बहुमताच्या हातात पुरावाच दिला.

झालं असं की आईच्या कुकरची शिट्टी होईना. वाफ कडेनं फुस्स करून निघून जायची. आईनं निदान केलं, "रिंग गेली. मारुती चौकातून नवी आण. झाकण घेऊन जा, मापाला लागेल. दहा मिनिटांचं काम आहे, तोवर मी डाळ धुऊन ठेवते." मी पिशवी मागितली. "झाकणाला कसली पिशवी? दांडीला धर आणि ने." बाहेर पाऊस भुरभुरत होता. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात ढालीसारखं झाकण, अशा थाटात मी अकरा वाजता घराबाहेर पडलो.

पहिला मोर्चा समोरच्या गॅलरीतून आला.

"झाकण घेऊन कुठं?" काकूंनी विचारलं.

"रिंग आणायला, काकू."

"मग स्वयंपाक?"

"आल्यावर."

"आल्यावर कधी? तू तिथं गप्पा मारत बसशील. थांब, आमचा कुकर पाठवते. कितीचा लागतो, पाच लिटरचा की तीनचा?"

मी नको नको म्हणेपर्यंत काकूंनी वरूनच आईला हाक मारली होती, आईनं खिडकीतून उत्तर दिलं होतं आणि आमच्याकडे डाळीत आज शेवग्याच्या शेंगा आहेत ही बातमी गल्लीच्या दोन्ही टोकांना पोचली होती.

बारा वर्षं मी जर्मनीत, स्टुटगार्टला काढली. तिथं माझ्या शेजारणीशी माझा संबंध एका पाटीपुरता होता. त्या भागात जिना आणि इमारतीसमोरची फरशी भाडेकरूंनी आळीपाळीनं साफ करायची पद्धत आहे. तिचं नाव केरवोखं. वोखं म्हणजे आठवडा, केर आपलाच. ज्याची पाळी असेल त्याच्या दाराला पाटी लटकते. आठवडा संपला की आपण ती पुढच्या दाराला अडकवायची. एकदा मला सणसणून ताप आला. चार दिवस अंथरुणात. चौथ्या दिवशी बेल वाजली तेव्हा माझे डोळे भरून आले. म्हटलं, शेवटी माणूस तो माणूसच. दार उघडलं तर शेजारीणबाई पाटीकडे बोट दाखवून अतिशय सभ्यपणे विचारत होत्या, शनिवारी जिना झाडायचा राहिला का? त्यांचं काही चुकलं नाही. जिना खरंच राहिला होता.

सांगलीत मला गेल्या पावसाळ्यात नुसती सर्दी झाली तर संध्याकाळपर्यंत तीन घरांतून काढा आला. तिन्ही काढे वेगवेगळ्या चवीचे आणि सारखेच भयंकर होते. काढा दिलेली प्रत्येक घरची माणसं मी तो पिईपर्यंत समोर बसून राहिली, त्यामुळे कुंडीचाही काही उपयोग झाला नाही.

असो. झाकणाकडे वळू.

गल्लीच्या तोंडाशी कट्ट्यावरचे आजोबा. त्यांनी झाकणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि या खेपेला काहीच विचारलं नाही. फक्त शेजारी बसलेल्या दुसऱ्या आजोबांकडे वळून मान हलवली. ती मान मला प्रश्नापेक्षा जास्त लागली. मराठी नाटकाची सुरुवात विष्णुदास भाव्यांनी 1843 साली याच गावात केली, त्याला आता पावणेदोनशेच्या वर वर्षं झाली, पण न बोलता प्रवेश खाऊन जाणारे नट अजून कट्ट्याकट्ट्यावर बसलेले आहेत.

हरभट रोडला लागलो तर पाठीमागून स्कूटरचा हॉर्न. शाळेतला बाकमित्र. "अरे, जर्मनीहून आलास ते कुकरच्या धंद्यात पडायला?" त्यानं स्कूटर रस्त्याच्या मधोमध थांबवली. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दिला, मग तोही आमचं बोलणं ऐकायला लागला. मित्रानं सोबत आपल्या एका काकांना बसवलं होतं. काका हळदीचे अडते. आयुष्य हळदीच्या सौद्यात गेलेलं, बोटांच्या पेरांत रंग कायमचा मुरलेला. ते गंभीरपणे म्हणाले, "तिकडं आपली हळद खातात का हो?"

मी सांगितलं, खात नाहीत, पितात. कॉफीच्या दुकानात हळद घातलेलं दूध मिळतं, 5 युरोला एक कप. तो कप मीही एकदा प्यायलो होतो. सांगलीच्या माणसानं हळदीच्या दुधाला पैसे मोजले, ही गोष्ट मी आईपासून आजवर लपवून ठेवली आहे.

"एका कपात हळद किती?"

"असेल एखादा ग्रॅम."

काकांनी डोळे मिटले. ओठ हलले. क्विंटलला एक लाख कप, म्हणजे क्विंटलचा दर पाच लाख युरो. त्यांनी डोळे उघडले, आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं (रिक्षावाला ऐकत होता) आणि हळू आवाजात म्हणाले, "आणि तुम्ही हे सोडून आलात?"

त्या दिवसापासून गावभागात माझ्याबद्दल चौथं मत आहे.

मारुती चौकाजवळ एका बोळात दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक माणूस मांडी घालून बसेल एवढी जागा, बाकी सगळीकडे मिक्सरची भांडी, शेगड्यांचे बर्नर आणि तारेला ओवलेल्या शिट्ट्या. मिस्त्रींनी माझ्या हातातून झाकण घेतलं. माझ्याकडे अजून पाहिलंही नव्हतं. रिंग काढली, बोटात अडकवून ताणली, सोडली. पुन्हा ताणली. मग झाकण उपडं करून एका जाड काचेवर ठेवलं आणि गाल काचेला टेकेपर्यंत खाली वाकून कडेकडेनं पाहिलं. काच आणि झाकण यांच्यामध्ये एका जागी उजेडाची बारीक रेघ दिसत होती. तिच्यावर नख ठेवून ते म्हणाले, "रिंगला काय झालेलं नाही. झाकण आपटलंय. कुणी आपटलं?"

"कुणास ठाऊक."

आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हा तुमच्या आईंचा कुकर. त्या आपटायच्या नाहीत."

आदल्या रात्री भांडी मी घासली होती. मी पावसाकडे बघायला लागलो.

"रिंग पण देऊन टाका नवी," मी विषय बदलायला म्हटलं.

"कशाला? अजून सहा महिने जाईल."

"असू दे हो, आलोच आहे तर."

"तुमच्याकडं पैसे जास्त झाल्यात का?" एवढं बोलून ते लाकडी हातोडी शोधायला लागले.

गिऱ्हाइकाला वस्तू विकायला साफ नकार देणारा दुकानदार मी बारा वर्षांत पाहिला नव्हता. स्टुटगार्टला आमच्या वॉशिंग मशीनच्या दाराची कडी तुटली होती. बोटाएवढी प्लॅस्टिकची कडी. तपासायला येण्याचेच 85 युरो होतील, सुटी कडी मिळत नाही, अख्खं दार घ्यावं लागेल आणि त्यापेक्षा नवीन मशीन परवडेल, असं मला फोनवर फार गोड आवाजात समजावून सांगण्यात आलं. मी शेवटपर्यंत ते दार सुतळीनं बांधून चालवलं. सुतळी सांगलीची होती. आईनं लोणच्याची बरणी तिनं बांधून पाठवली होती.

मिस्त्रींनी झाकण लोखंडी ठोकळ्यावर धरलं आणि टक, टक, टक, अगदी हलक्या हातानं कड ठोकायला सुरुवात केली. दोन ठोके, की पुन्हा काच. पुन्हा दोन ठोके. मध्येच म्हणाले, "हा कुकर मी बोटीतनं आणलाय."

मला कळेना.

"एकोणीसच्या पुरात हो. तुमच्या गल्लीत बोट आमचीच होती. आई खाली उतरायला तयार, पण कुकर घेतल्याशिवाय येणार न्हाईत. मांडीवर घेऊन बसल्या. मी म्हटलं, आई, दागिने घ्या. तर म्हणाल्या, दागिने बँकेत आहेत."

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा साडेसत्तावन्न फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी 45. मी तेव्हा स्टुटगार्टला रात्री दोन वाजता मोबाईलवर ओळखीच्या चौकांचे व्हिडिओ बघत होतो आणि आईचा फोन दीड दिवस लागत नव्हता. पुढं तिनं एवढंच सांगितलं होतं, "आले बाई कुणाच्या तरी बोटीतून." त्या कुणाच्या तरीसमोर मी आत्ता उभा होतो आणि तो काचेखालची उजेडाची रेघ शोधत होता. रेघ नव्हती.

"किती झाले?"

"दहा द्या."

माझ्याकडे शंभराची नोट होती, त्यांच्याकडे सुटे नव्हते. ऑनलाइन पाठवतो म्हटलं तर त्यांनी हातानंच उडवून लावलं. "जाता येता द्या. कुठं जाताय आता?"

प्रश्न तोच होता. पण असा कुणी विचारला नव्हता.

साडेबारा वाजले होते. मी सरळ घरी जायला हवं होतं. पण बोळाच्या तोंडाशी कुणीतरी कुणाला तरी म्हणालं, "पाणी वाढतंय," आणि सांगलीत हे वाक्य कानावर पडल्यावर पाणी न बघता जो घरी जातो तो सांगलीचा नव्हे. पावसाळ्यात हे अख्खं गाव पाटबंधारे खात्याचं असतं. चहाच्या गाड्यावर कोयनेतून किती क्युसेक सुटलं याची चर्चा, सलूनमध्ये अलमट्टीची, आणि ज्याला स्वतःची उंची फुटांत सांगता येत नाही तोही आयर्विनची पातळी इंचासकट सांगतो. हा पूल 1929 चा. पण त्याचं खरं काम पलीकडे सांगलवाडीला जाणं हे नसून गावाला मोजपट्टी पुरवणं हे आहे, असं माझं मत झालं आहे.

कठड्याशी गर्दी होती. खाली गढूळ, जाड पाणी आवाज न करता चाललं होतं. मधूनच एखादा ओंडका, शेवाळाचा पुंजका, एक चप्पल. मी झाकण काखेत धरून आकडा पाहिला आणि उगाचच आणखी वीस मिनिटं उभा राहिलो. कुणीतरी भडंगाचा पुडा पुढं केला, मी मूठभर घेतलं. देणारा कोण ते पाहिलं नाही. जर्मनीत हेच भडंग मी चमच्यानं मोजून खायचो आणि पाहुणे आले की डबा कपाटात लपवायचो.

तेवढ्यात मोटारसायकलवरून एक अनोळखी गृहस्थ आले. गाडी बंद न करताच त्यांनी मला विचारलं, "किती झालं?"

"36," मी म्हटलं. "कोयनेतून सोडलंय. उद्या संध्याकाळपर्यंत 40 ला लागेल."

"लागतंय की," ते म्हणाले. मग त्यांची नजर काखेकडे गेली. "रिंग गेली व्हय?"

"नाही, झाकण वाकलं होतं."

"आपटलं असंल." त्यांनी गिअर टाकला. "घर कुठं तुमचं, गावभागात? मग गव्हाची पोती तेवढी माळ्यावर टाका आजच."