नोकरी लावली म्हणे!

आज डोकंच फिरलंय. शेजारच्या वहिनींना प्रशिक्षण केंद्रातून फोन आला, "ऑफर लेटर आलंय, फोटोला या." शिलाईचा कोर्स केलाय त्यांनी. ठेवणीतली साडी नेसून गेल्या. पत्र निघालं पुण्याकडच्या गारमेंट कंपनीचं, हॉस्टेलवर राहायचं. घरी पाचवीतली पोर आणि अंथरुणाला खिळलेली सासू आहे, हे फॉर्म भरतानाच सांगितलं होतं. तरी सही घेतली, पत्र हातात देऊन फोटो काढला आणि लावलं घरी.

या केंद्रांना सरकारचं अनुदान असतं. ग्रामीण कौशल्य योजनेत तर ७० टक्के उमेदवारांना नोकरी लावायची अटच आहे. अट बरोबरच आहे हो! पण "बाई, कामावर गेलीस का?" असं वहिनींना विचारायला कोण येणार? सगळी केंद्रं तशी नसतात, मान्य. आमच्या गावची दोन पोरं इथं कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत लागलीत. बास, एवढंच.

खरी गोम पुढंच आहे. नवरा गेल्यापासून वहिनींना संजय गांधी निराधारचे महिना १५०० मिळतात. त्याला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत लागतं. म्हणजे महिन्याला १७५० रुपये! गोकुळ शिरगावात हेल्पर म्हणून लागल्या तरी दोन-तीन पगारांत ही मर्यादा पार. वहिनी म्हणाल्या, "भावजी, पेन्शन बंद झाली आणि पुढं कामबी सुटलं, तर परत तलाठी, सेतू, दाखले कोण करणार?" काय सांगणार मी?

आणि "असल्यांना फुकटचं पाहिजे असतं" म्हणणाऱ्यांनी पहाटे आमच्या गल्लीत यावं. सासूचं सगळं आवरून ही बाई साड्यांना फॉल लावत बसलेली असते. एका साडीचे किती मिळतात, विचारा एकदा.

मागेल त्याला काम देणारा कायदा याच राज्यानं १९७७ साली केला. या रोजगार हमीची कल्पना मांडणारे वि. स. पागे आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले. त्याच राज्यात आज नोकरीचा फोटो काढून माणूस घरी पाठवतात, याची चीड येते. कामाला लागल्यावर पहिलं वर्षभर तरी पेन्शन चालू ठेवा. प्रशिक्षण केंद्राच्या अनुदानाचा शेवटचा हप्ता त्या बाईला विचारून द्या. एवढं अवघड आहे का?

असो. गोकुळ शिरगाव किंवा कागल एमआयडीसीत कुणाच्या ओळखीत शिलाईचं काम असेल तर इनबॉक्स करा. दहा ते पाच जमेल. इचलकरंजी लांब पडतं, सासूला दुपारचं औषध द्यायला माणूस नाही. मशीन चांगली चालवतात, हात साफ आहे.