समुद्र दोन मिनिटांवर

मढ, आक्सा, मार्वे, मनोरी, गोराई. मुंबईच्या या किनाऱ्यांवरच्या कुठल्याही भाड्याच्या बंगल्याच्या जाहिरातीत एक वाक्य ठरलेलं असतं: 'समुद्र दोन मिनिटांवर'. ते खोटं नसतं, फक्त दिवसातून दोनदाच खरं असतं. एरवी समुद्र ओहोटीला गेलेला असतो आणि मधल्या चिखलात कुणाची तरी डावी चप्पल.

आम्हा मुंबईकरांचा बेत कसा, तर पाचला पाण्यात, सहाला सूर्यास्त, सातला कोळसे पेटवायचे. या वेळापत्रकात समुद्राला कुणी विचारलेलंच नसतं. जेटीवरच्या कोळी काकांना म्हणावं, "काका, भरती कधी?" तर ते घड्याळाकडे बघतही नाहीत. उलट विचारतात, "आज तिथी कुठली?" आणि आपल्याला तिथी माहीत असते ती एकच, संकष्टीची. तीही जेवायला कधी मिळणार यासाठी.

खरं तर हिशेब सोपा आहे. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, की पूर्ण भरतीची वेळ आली. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, दुसऱ्या दिवशी सगळं साधारण पाऊण तास पुढे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण केअरटेकरच्या "पाच मिनिटांत गरम पाणी येतंय"पेक्षा हे कितीतरी भरवशाचं.

पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. भरती दुपारी बाराच्या आगेमागे, पाणी चार मीटरच्या वर चढतं आणि उतरतंही तसंच, पार लांबवर. म्हणजे सूर्यास्ताला पाय भिजवायला निघालेला माणूस चालतच राहतो. अष्टमीला भांग, म्हणजे उधाणाच्या उलट. पाणी फार चढत नाही, फार उतरत नाही, पण संध्याकाळी सहाला हजर असतं. तेव्हा ज्यांना सूर्याबरोबर लाटेचाही फोटो हवा, त्यांनी अष्टमी धरावी.

माझं मत विचाराल तर बघण्यासारखी गोष्ट ओहोटीतच असते. त्यासाठी पौर्णिमेनंतरची द्वितीया गाठायची, सकाळी पावणेआठच्या सुमारास. तासभर आधी खडकांवर पोचायचं आणि पाणी वळलं की आपणही वळायचं, कारण ते मागच्या खाचेतून आधी भरतं. बाथरूम स्लिपर घालून गेलात तर खडकाला चिकटलेली कालवं तळपाय ब्लेडसारखा चिरतात. जुने, नाडीचे कॅनव्हासचे बूट उत्तम. डबक्याशी दोन मिनिटं न हलता बसा (मुलांना हे जमतं, आईबाबांचा फोन वाजतो). आधी नुसतं पाणी दिसतं. मग एक शंख चालू लागतो. त्यात भाड्याने राहणारा खेकडा असतो, बहुधा डिपॉझिट न भरता. कडेला समुद्रफूल बोटं पसरतं, खाडीच्या चिखलात निवट्या नावाचे छोटे मासे टुणकन उडतात. दगड उलटलात तर होता तसाच परत ठेवा. ते कुणाचं तरी छप्पर असतं.

आक्साला पोहायचं नाही. इथे विनोद नाही. तळाची वाळू सरकते, खळगे पडतात आणि लाटेचं परतणारं पाणी त्या वाटेने माणसाला आत ओढतं. ओढलं गेलंच तर किनाऱ्याकडे झुंजत येऊ नका, दम संपतो. किनाऱ्याला समांतर हातपाय मारा, ओढ सुटली की मग किनाऱ्याकडे वळा. पावसाळ्यात वाळूवर निळे फुगे दिसतात, ते ब्लू बॉटल, जेलीफिशसारखे डसणारे जीव. फोडायला मजा वाटते, पण मेलेल्याचे धागेही डसतात. डसल्यावर चोळायचं नाही. समुद्राच्याच पाण्याने धुऊन, सोसेल इतक्या गरम पाण्यात वीसेक मिनिटं धरायचं. (गरम पाणी कधी येतं ते वर सांगितलंच आहे.)

गाडी वाळूत नेऊ नये, हे सगळ्यांना माहीत असतं. नेतो तो ग्रुपमधला एकच. चाक रुतलं की तो आणखी रेस देतो आणि गाडी पोटावर बसते. रेस थांबवा, चाकापुढची वाळू उपसा, टायरची हवा निम्म्यावर आणा, पायातली मॅट चाकाखाली सारा. आणि तिथी मोजा. भरती ट्रॅक्टरची वाट बघत नाही.

गोराईला २००९ साली खुला झालेला विपश्यना ध्यानाचा पॅगोडा बघाच. घुमटाखाली एकही खांब नाही आणि आठ हजार माणसं गप्प बसू शकतात. आपल्यातली बारा बसत नाहीत.

परतल्यावर पायाची ओली वाळू नळाखाली धुऊ नका, मोरी तुंबते. सुकू द्या, वर टाल्कम पावडर भुरभुरा, हात फिरवा, वाळू झडते.

राहता राहिली बंगल्याची वेळ. चेक-इन दोनला, चेक-आउट अकराला. पौर्णिमेचा शनिवार धरला असेल तर पहिल्या दिवशीची भरती बाराला येऊन गेलेली, मधली मध्यरात्री, सगळे घोरत असताना. रविवारची पाऊणच्या सुमारास. तोवर आपण मालाडच्या ट्रॅफिकमध्ये असतो.