१५० बाय १००

रविवारी सोसायटीच्या हॉलमधल्या मोफत शिबिरात मला बीपी असल्याचं जाहीर झालं. बीपी मोजणाऱ्या ताईंचा आवाज खणखणीत आणि मागे अख्ख्या बी विंगची रांग, म्हणून 'जाहीर'.

चार जिने उतरून, चहा ढोसून, बाथरूम लांबणीवर टाकून मी बिनपाठीच्या स्टुलावर टेकलो. ताईंनी आधी माझ्या पोटाकडे पाहिलं. "तुमचं जास्तच असणार." पट्टा स्वेटरवरूनच गुंडाळला, हात खाली लोंबता. तेवढ्यात सेक्रेटरी आले, "गेटसमोरची आडवी गाडी तुमचीच ना?" मी तावातावाने नाही म्हणत होतो आणि ताई म्हणाल्या, "१५०-१००!"

खरं तर पाच मिनिटं गप्प बसवायचं, पाठ टेकवायची, हात हृदयाच्या पातळीला ठेवायचा. यातलं एकेक चुकलं तरी आकडा चढतो. रजिस्टरात डोकावलो, तर झाडून सगळे आकडे शून्याने संपलेले. डायलवर दोन-दोनच्या रेघा असतात हो! पाचातला एखादा शून्यावर यावा, सगळेच कसे येतील?

बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा खूर आपटून गणितं सोडवायचा. १९०७ मध्ये मानसशास्त्रज्ञ ओस्कार फुंग्स्टने दाखवून दिलं, की विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल तर घोड्यालाही येत नाही; तो गणित नव्हे, विचारणाऱ्याच्या नकळत होणाऱ्या हालचाली वाचायचा. आमच्याकडे उत्तर माझ्या पोटावरच लिहिलेलं होतं.

"मेथी!" मागून सी विंगचे काका. "रात्री भिजवायची, सकाळी पाणी प्यायचं. मागच्या शिबिरात माझं १७०. पंधरा दिवसांनी १३८. प्रयोग सिद्ध!"

"काका, एकदा खूप चढलेला आकडा पुढच्या वेळी बहुधा आपसूकच उतरतो. मेथी न पिणाऱ्याचाही."

"न पिणाऱ्याचा मोजलात तुम्ही?"

"अहो, तो तुम्ही मोजायचा!"

"मोजला की. आमच्या हिचा. ती पीत नाही."

"मग?"

"तिचाही उतरला." काका जरा घुटमळले. "पण मेथी भिजत घालते तीच ना. हाताला लागत असणार."

मी कपाळाला हात लावला. "बरं, त्या पंधरा दिवसांत दुसरं काही बदललं नव्हतं?"

"छे! लोणचं-पापड बंद केला, आणि डॉक्टरांनी ती एक गोळी दिलेली, तेवढंच."

रांगेतले सगळे मेथीचं प्रमाण लिहून घेत होते. माझं कोण ऐकतंय! संध्याकाळी नावानिशी यादी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडली. माणसाचं बीपी असं चव्हाट्यावर टांगायचं? विचारलं तर म्हणे, "जनजागृती."

तेव्हापासून ताटातला पापड गायब आणि उशाशी मेथीचं पाणी. पुढच्या रविवारी दवाखान्यात नीट मोजणार आहेत. आकडा उतरणार, हे मी आजच सांगतो. आणि त्या संध्याकाळी काका पेढे मागायला येणार.