दीड टन म्हणजे ताशी दीड युनिट? उष्ण प्रदेशातल्या वीजबिलाच्या फिरत्या हिशेबाबद्दल

थंड भागातून उष्ण भागात बिऱ्हाड हलवणाऱ्यांसाठी एक हिशेब बराच फिरतो. त्याचं सार असं: हीटर सुटतो आणि गीझरचं काम घटतं, म्हणून एकूण खर्च कमीच होतो. एसीचं गणित सोपं, दीड टन म्हणजे ताशी दीड युनिट, तास मोजा आणि गुणा. खात्री हवी असेल तर त्याच इमारतीतल्या कुणाचं तरी एका महिन्याचं बिल घ्या आणि बाराने गुणा. तेही जड वाटलं तर कूलर लावा, एसीच्या दहाव्या हिश्शात भागतं. पंखे, फ्रिज, पाणी हे काय, सगळीकडे सारखंच.

यातल्या बहुतेक विधानांत थोडंफार तथ्य आहे. म्हणूनच हा हिशेब पटतो, आणि पहिल्या उन्हाळ्याचं बिल येईपर्यंत टिकतो.

‘हीटर सुटला, खर्च घटला’

गीझरपुरतं हे बरोबर आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६ वॉट-तास लागतात. नळाचं पाणी १२ अंशांचं असेल आणि ते ४० पर्यंत न्यायचं असेल, तर १०० लिटरला सव्वातीन युनिट पडतात (एक युनिट म्हणजे १,००० वॉट-तास). नळालाच २६ अंशांचं पाणी येत असेल तर तेवढ्याच पाण्याला १.६ युनिट पुरतात. निम्मा खर्च वाचला, यात वाद नाही.

खोलीच्या हीटरचं मात्र आधी विचारायला हवं की आधीचं घर कशावर तापत होतं. साध्या कॉइलच्या हीटरवर असेल तर फायदा खरंच मोठा आहे. तो हीटर एका युनिट विजेतून एकच युनिट उष्णता देतो, आणि एसी तेवढ्याच विजेत तीन-साडेतीन युनिट उष्णता घराबाहेर टाकतो. शिवाय बाहेर शून्य आणि आत २० म्हणजे २० अंशांचा फरक, तर बाहेर ४० आणि आत २६ म्हणजे १४ अंशांचाच. पण घर गॅसवर किंवा लाकडावर तापत असेल, तर बचत एका बिलात होते आणि वाढ दुसऱ्यात. तेवढ्याच ऊर्जेला वीज बहुधा गॅसपेक्षा महाग पडते. दोन्ही इंधनं वेगवेगळी मांडल्याशिवाय ‘एकूण कमी’ म्हणता येत नाही.

आणखी एक गोष्ट या हिशेबात कधीच येत नाही. हिवाळ्यात खिडकीतून येणारं ऊन, घरातली माणसं आणि चालू उपकरणं घर फुकट तापवत असतात. उन्हाळ्यात हीच तिन्ही मंडळी फितूर होतात.

‘दीड टन म्हणजे ताशी दीड युनिट’

खरी मेख इथे आहे. टन हे विजेचं माप नव्हे. एक टन म्हणजे ताशी ३.५२ युनिट उष्णता बाहेर काढण्याची क्षमता. दीड टनाचा एसी पूर्ण जोरावर ५.३ किलोवॉट उष्णता उपसतो. त्याची कार्यक्षमता ३.५ असेल, म्हणजे एका युनिट विजेत तो साडेतीन युनिट उष्णता उपसत असेल, तर वीज दीड किलोवॉट लागते, म्हणून तो आकडा जुळल्यासारखा दिसतो. कार्यक्षमता ३ असेल तर १.७६, आणि ४.५ असेल तर १.१७ किलोवॉट. हे आकडेही चाचणीच्या खोलीतले, म्हणजे सामान्यतः बाहेर ३५ आणि आत २७ अंश असतानाचे. बाहेरचा पारा ४२-४५ वर गेला की त्याच यंत्राची उपसण्याची ताकद घटते आणि वीज जास्त लागते.

त्याहून मोठी चूक ही, की एसी सगळा वेळ पूर्ण जोरावर चालतो असं यात धरलंय. साधा एसी खोली गार झाली की कॉम्प्रेसर बंद करतो, इन्व्हर्टर एसी तो मंद करतो. किती वेळ आणि किती मंद, हे यंत्रावर ठरत नाही, खोलीत किती उष्णता शिरते त्यावर ठरतं. म्हणून हिशेब खोलीपासून सुरू करायचा.

उदाहरणादाखल वरच्या मजल्यावरची एक पश्चिममुखी खोली घेऊ. भिंती, काच आणि फटींतून मिळून तिच्यात दर अंश फरकाला १२० वॉट उष्णता शिरते असं धरू.

रात्री बाहेर ३१, आत २६. पाच अंशांचे ६०० वॉट. दिवसभर तापलेल्या स्लॅबचे ५००, झोपलेल्या दोन माणसांचे १५०, हवेतला दमटपणा काढण्याचे ४००. एकूण १,६५० वॉट. या तापमानाला कार्यक्षमता ३.७ धरली तर ताशी ०.४५ युनिट. आठ तास, तीस रात्री: १०८ युनिट. फिरत्या हिशेबाने मात्र हेच ३६० होतात.

दुपारी बाहेर ४२, आत २६. सोळा अंशांचे १,९२० वॉट. पश्चिमेच्या तीन चौरस मीटर साध्या काचेवर चौरस मीटरमागे ६५० वॉट ऊन पडत असेल तर आत साधारण १,६०० वॉट येतात, म्हणजे जवळपास अर्धा टन एकट्या खिडकीने खाल्ला. स्लॅबचे ७००, माणसांचे २००, दमटपणाचे ३००. एकूण ४,७०० वॉटच्या घरात. कार्यक्षमता आता २.८ वर उतरलेली, म्हणून ताशी १.७ युनिट. सहा तास, तीस दिवस: ३०० युनिट. फिरता हिशेब २७० सांगतो.

तोच एसी आणि तीच खोली, पण एका तासाचा खर्च पावणेचार पट. फक्त रात्री झोपायला एसी लावणाऱ्याला फिरता हिशेब उगाच घाबरवतो, आणि दिवसभर घरून काम करणाऱ्याला गाफील ठेवतो.

म्हणून घर बघायला गेलात तर एसीचे टन विचारण्याआधी या गोष्टी पाहा: वर गच्ची आहे की दुसरा मजला, पश्चिमेला किती काच आहे, आणि त्या काचेवर बाहेरून सावली पडते का. आतला पडदा ऊन अडवतो खरा, पण तोपर्यंत ते काचेतून आत आलेलं असतं. बाहेरची झडप किंवा छज्जा त्याला उंबऱ्याबाहेरच थांबवतो. एसीचं बाहेरचं युनिट कुठे ठेवलंय तेही पाहा. अरुंद डक्टमध्ये कोंबलेलं युनिट स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढत राहतं. बाहेर ३८ अंश असले तरी त्याच्यापुरते ४५ होतात.

यंत्रावरच्या ताऱ्यांबद्दल थोडक्यात. तारे एका यंत्राची दुसऱ्याशी तुलना करायला आहेत, तुमच्या बिलाचं भाकीत करायला नाहीत. लेबलवरचा वार्षिक युनिटचा आकडा ठरावीक तास आणि ठरावीक हवामान धरून काढलेला असतो.

‘एका महिन्याचं बिल गुणिले बारा’

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळी शितं एकाच पातेल्यात शिजलेली असतात. वर्षाचे महिने तसे नसतात. शेजाऱ्याकडून घ्यायचंच असेल तर बारा महिन्यांचे युनिट घ्या, रुपये नव्हे. प्रत्येक बिल किती दिवसांचं आहे आणि रीडिंग प्रत्यक्ष घेतलेलं आहे की सरासरीने टाकलेलं, तेही बघा. घर बंद असलेला महिना आणि सरासरीचं बिल, दोन्ही या गणितात विष कालवतात. त्या घरात माणसं किती, दिवसा कोण असतं, मजला कोणता, हे विचारल्याशिवाय तो आकडा तुमचा होत नाही.

बारा आकडे मिळाले की सर्वांत कमी युनिटचा महिना शोधा. त्यात ना हीटर असतो ना एसी, तो पायाभूत वापर. प्रत्येक महिन्यातून तो वजा केला की उरतं ते हवामानाचं. पायाच्या जागी स्वतःच्या सध्याच्या घराचा तसा महिना घाला आणि हवामानाचा भाग त्यांच्या महिन्यांवरून, एसीच्या तासांच्या प्रमाणात कमी-जास्त करा. अर्ध्या तासाचं काम आहे.

आता रुपये नकोत असं का म्हटलं ते. जिथे दर टप्प्याटप्प्याने चढतात तिथे युनिट आणि पैसे एका चालीने वाढत नाहीत. समजा, पहिल्या १०० युनिटना दर १, पुढच्या २०० ना २ आणि ३०० च्या वर ३. महिन्याला १५० युनिट वापरले तर बिल २०० होतं, म्हणजे सरासरी १.३३. उन्हाळ्यात वापर ५०० वर गेला तर १०० अधिक ४०० अधिक ६००, बिल १,१००. युनिट ३.३ पट झाले आणि बिल साडेपाच पट. जुन्या सरासरी दराने गुणणारा ६६७ धरून बसतो. एसीचे युनिट पायाभूत वापराच्या वर, चढ्या टप्प्यांत पडतात, त्यामुळे त्यांना त्या-त्या टप्प्याचाच दर धरायचा. स्थिर आकार (वापर कितीही असो, दरमहा लागणारी रक्कम) आणि मंजूर भार (जोडणीला मंजूर झालेले किलोवॉट) वेगळे मांडा. दुसरा एसी लावताना भार वाढवून घ्यावा लागला, तर काही ठिकाणी स्थिर आकारही वाढतो, आणि तो हिवाळ्यातही भरावा लागतो.

‘कूलर लावा, दहाव्या हिश्शात भागतं’

कोरड्या हवेत भागतं. कूलरची धाव ओल्या फडक्याच्या तापमानापर्यंत, म्हणजे थर्मामीटरच्या टोकाला ओलं कापड गुंडाळून वारा घातला की दिसतं त्या आकड्यापर्यंत. बाहेर ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर तो आकडा सुमारे २३ येतो. चांगल्या पॅडचा कूलर मधल्या अंतराच्या ८० टक्के उतरतो, म्हणजे हवा साडेसव्वीसच्या आसपास मिळते. उत्तमच. पण ३४ अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेला तोच आकडा ३० असतो. कूलर ३१ अंशांची चिंब हवा देतो, म्हणजे खर्च दहावा हिस्सा आणि आराम शून्य. शेवटी त्या घरात एसी येतोच आणि अंदाजपत्रकात दोन्ही यंत्रं बसतात.

कोरड्या भागातही कूलर फुकट चालत नाही. एक लिटर पाणी वाफ होताना ०.६८ युनिट उष्णता घेतं. एक टन गारवा हवा असेल तर ताशी पाच लिटर पाणी उडतं, क्षार साचू नयेत म्हणून काढून टाकायचं पाणी वेगळं. दिवसाचे बारा तास म्हणजे ६० लिटरच्या वर. पाणी जिथे मोजून किंवा टँकरने येतं तिथे हा आकडा पाण्याच्या बिलात जातो.

दमट भागात नेमकं उलटं होतं. तिथे एसी हवेतलं पाणी काढत बसतो. नळीतून दिवसाला दहा लिटर पाणी पडत असेल तर त्यातच दोन युनिट वीज गेली, पारा एका अंशाने न उतरवता. म्हणून तुलना करताना फक्त कमाल तापमान पाहून उपयोग नाही. ३४ अंशांचं दमट गाव आणि ४० अंशांचं कोरडं गाव बिलात शेजारी-शेजारी बसू शकतात.

‘पंखे, फ्रिज, पाणी सगळीकडे सारखंच’

साधा छताचा पंखा ७५ वॉट घेतो. पाच पंखे रोज १८ तास चालले की महिन्याला २०० युनिट होतात, म्हणजे वरच्या उदाहरणातल्या रात्रीच्या एसीच्या जवळपास दुप्पट. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरच्या) पंख्यांना तेवढ्यालाच ८० च्या आसपास लागतात. रिकाम्या खोलीतला पंखा खोली गार करत नाही, उलट मोटरची उष्णता भरतो. माणूस असताना मात्र एसी दोन अंश वर ठेवता येतो, आणि तिथेच तो पैसे फेडतो.

फ्रिज आत ४ अंश राखतो. खोली २० ची असेल तर फरक १६, ३४ ची असेल तर ३०. जवळपास दुप्पट उष्णता, तीही कमी कार्यक्षमतेने बाहेर टाकायची. भिंतीला चिकटवून ठेवला तर आणखी.

राहिला एक खर्च, जो कुठल्याच हिशेबात नसतो. ठरवलेल्या घरात मेन चालू ठेवून बाकी सगळी बटणं बंद करा आणि मीटरवरचा लाल दिवा पाहा. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो ते मीटरवर छापलेलं असतं, समजा ३,२००. सगळं बंद असताना दिवा दर दहा सेकंदांनी लुकलुकत असेल तर ११२ वॉट कुठेतरी जातायत, महिन्याला ८१ युनिट. इन्व्हर्टरची थकलेली बॅटरी असेल, अर्थिंगमधून वीज गळत असेल, नाहीतर जिन्यातला दिवा तुमच्या मीटरवर जोडलेला असेल. करारावर सही करण्याआधी घरमालकाला तो दिवा दाखवा.