मैलाशुद्धीकरण केंद्र बंद ठेवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

अभिनंदन! तुमच्या नगरपरिषदेचं मैलाशुद्धीकरण केंद्र उभं राहिलं, फीत कापून झाली, कोनशिलेवर सगळ्यांची नावं बसली. आता ते चालणार नाही, एवढंच बघायचं.

पहिला इलाज सगळ्यात स्वस्त. लोकसंख्या 50,000, माणशी 135 लिटर पाणी, त्यातलं 80 टक्के सांडपाणी, म्हणजे रोज 54 लाख लिटर. हा हिशेब प्रस्तावात झकास दिसतो, तिथेच राहू द्या. घरजोडण्या करू नका. दारात खड्डा पडला की मतदार चिडतो. मुख्य वाहिनी जमिनीत कोरडी पडून राहील आणि संडासाच्या टाकीचं पाणी वाडवडिलांच्या वाटेने गटारातून नाल्यात, नाल्यातून नदीत जाईल.

तरीही पाणी आलंच, तर पंपघराची चाळणी साफ करू नका. गुटख्याच्या पुड्या आणि डायपर पंपाच्या पंख्यात गुंतले की मोटार जळते. राखीव पंप तोवर वाइंडिंगला गेलेला असावा. दोन्ही पंप एकाच वेळी चालू सापडणं हा निष्काळजीपणा आहे. पंपघरातली सांडपाण्याची विहीर भरली की पाणी बायपासने थेट नाल्यात. बायपासच्या झडपेला मात्र दर महिन्याला ग्रीस लावा. साऱ्या केंद्रात तिचंच काम अखंड चालतं.

आता मुख्य गोष्ट, ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा फुंकणारं यंत्र. विजेच्या बिलात सर्वांत मोठा वाटा त्याचा, म्हणून रात्री बंद. टाकीत मैला खाणाऱ्या जिवाणूंना लिटरमागे साधारण 2 मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू लागतो. मिळाला नाही तर ते तक्रार अर्ज करत नाहीत, मरतात. तपकिरी पाणी काळं पडतं, सडक्या अंड्याचा वास सुटतो, गाळाचे लपके वर तरंगतात. हवा थांबली की गाळ तळाशी हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या डिफ्यूझरच्या रबरी पडद्यांवर बसतो, छिद्रं बुजतात; मग ब्लोअर सुरू केला तरी दाब चढतो, हवा पाण्यात जात नाही. जिवाणू पुन्हा वाढवायला काही आठवडे लागतात. तोवर ऑपरेटर शेणाच्या पाट्या ओततोय, हे फोटोला बरं दिसतं.

टाकीतलं पाणी एक लिटरच्या मोजपात्रात अर्धा तास ठेवलं तर गाळ किती बसतो ते कळतं. 300 मिलिलिटरच्या आसपास बसला तर ठीक. 800 वरच अडून राहिला तर गाळ फार झालाय किंवा फुगलाय. म्हणून मोजपात्र कपाटात कुलूपबंद असावं. जादा गाळ काढायचाही नाही, वाळवणीच्या वाफ्यांत गाजरगवत छान वाढलंय. साचलेला गाळ आपोआप 'शुद्ध' पाण्याबरोबर निघून जातो.

नमुना घ्यायला प्रदूषण नियंत्रण मंडळाचे साहेब येणार असतील तर आदल्या दिवसापासून ब्लोअर चालवा, क्लोरीन दुप्पट टाका. 2017 च्या अधिसूचनेनुसार छोट्या शहरांना बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू) लिटरमागे 30 मिलिग्रॅमपर्यंत चालतो. बाटलीत निव्वळ नळाचं पाणी भरू नका; बीओडी 2 आला तर साहेबांनाच अवघडल्यासारखं होतं. थोडं आपल्या केंद्रातलं मिसळा.

नदीचं काय? उन्हाळ्यात कोल्हापुरी बंधाऱ्यात बरगे घातलेले, पाणी थांबलेलं. नत्र-स्फुरद मिळाल्याने जलपर्णी फोफावते, तिच्या काढणीची निविदा दरवर्षी निघते. तीही एक सोयच. प्राणवायू सर्वांत कमी पहाटे असतो, तेव्हा मासे वर येऊन तोंडं उघडझाप करतात. उजाडेपर्यंत पांढरी पोटं दिसू लागली की वरच्या अंगाच्या साखर कारखान्याकडे बोट दाखवा. तो तुमच्याकडे दाखवेल. दोन्ही पत्रं मंडळाच्या एकाच फायलीत लागतात.

खालच्या गावाची जॅकवेल, म्हणजे नळासाठी नदीचं पाणी उचलायची विहीर, याच पाण्यात आहे. काविळीची साथ आलीच (2012 साली इचलकरंजीत आली होती), तर पाणी उकळून पिण्याचं आवाहन करत रिक्षा फिरवा. भोंग्याचं बिल आरोग्य विभागाच्या खात्यावर टाका.